फक्त दुसरी आवृत्ती

विलास गेल्याची बातमी आली, तेव्हा मी त्याला फोनवर काय काय सुनवायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात फोन वाजला, नाव त्याचंच दिसलं आणि मी तावातच म्हणालो, "बोल की आता!" पलीकडे त्याची बायको होती, सुनंदावहिनी. "भावजी, हे उठंनात हो..." झोपेतच हृदय बंद पडलं होतं. त्याला महिना उलटून गेला, पण ते भांडण अजून माझ्या तोंडातच अडकलंय.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही दोघं कोड लिहीत बसायचो. इंटरनेटवर लोकांनी खुला ठेवलेला कोड आपल्या कामात घेता येतो; पण त्याच्याबरोबर परवाना असतो, त्यात अटी असतात, आणि दोन परवान्यांच्या अटी एकमेकींशी जुळतीलच असं नाही. बाकीचे सरळ उचलून चिकटवतात. विलास आधी परवाना वाचायचा, तोही मोठ्यानं. मी काही नवीन उतरवून घेतलं की मागून आवाज आलाच, "पावणं कुठलं? कूळ बघितलंस का?" मग त्या कोडनं आत आणखी कुणाचा कोड घेतलाय, त्याच्या अटी काय, असा थेट आजोळापर्यंत जायचा. "आरं इल्या, सोयरीक जुळवतोयस काय?" मी वैतागायचो. "सोयरीकच हाय की. मागनं रडण्यापरीस आधी इचारल्यालं बरं."

त्यालाही कारण होतं. उमेदीत लिहिलेला एक कोड त्यानं सगळी मोकळीक देऊन वाटला होता. एका कंपनीनं तो उचलला, कुलूप लावलं आणि आपला म्हणून विकला. तेव्हापासून तो जीपीएल नावाचा परवाना लावायचा. घ्या, बदला, पण पुढं द्याल तेही खुलंच द्या.

त्याचं गाव शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. गगनबावड्याला कोसळलेला पाऊस गावात कधी आणि किती चढेल, याचा अंदाज बांधणारा कोड त्यानं लिहिला. पाणी आधी कुठल्या गल्लीत शिरेल ते नकाशावर दाखवणारा कोड माझा. दोन्ही एका अ‍ॅपमध्ये बांधून गावाला द्यायचे, म्हणजे जनावरं वेळेत हलवता येतील. पण त्याचा परवाना जीपीएलची फक्त दुसरी आवृत्ती, आणि माझ्या परवान्यात पेटंटबद्दलचं एक कलम. ते दुसऱ्या आवृत्तीला चालत नाही, तिसरीला चालतं. त्यानं 'किंवा नंतरची कोणतीही' एवढं जोडलं असतं तर काम झालं असतं!

"जे अजून लिवल्यालंच न्हाय, त्याच्यावर आज सही करू व्हय?" तो म्हणायचा. "तू तुझं बदल की. सगळा कोड तुझ्याच हातचा हाय."

"मी का? आधी तू."

हट्टीपणाचं बक्षीस असतं तर आम्ही दोघांनी वाटून घेतलं असतं. दोन पावसाळे असेच गेले. दुसऱ्यात त्याच्या शेजाऱ्याच्या म्हशी दावणीलाच बुडाल्या... त्या दिवशी तेवढं भांडण झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडलो.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनीच विषय काढला. "त्यांचं आता माझ्याकडं आलंय न्हवं? कुठं सही पायजे सांगा. तुमचं काम अडाया नगो." खरंच, हक्क आता त्यांचाच. ज्यासाठी मी इतका घसा कोरडा केला, ते आयतं ताटात आलं होतं, आणि मला रडू फुटलं. "नको वहिनी. त्याला विचारल्याशिवाय कसं?"

"इचारनार कुणाला आता?" त्या म्हणाल्या.

खोलीवर गेलो. त्याच्या खुर्चीच्या पाठीला त्याचा टॉवेल तसाच होता. माझ्या जागी बसलो आणि माझ्याच कोडचा परवाना बदलला. जीपीएल, दुसरी आवृत्ती. चहा निवायच्या आत झालं. एवढंच होतं ते! अ‍ॅपमध्ये पहिल्यांदाच आमची दोघांची नावं एकाखाली एक आली. आता ते वहिनींच्या फोनवर आहे, गावातही पोचलंय.

त्या दिवशी त्याचा कोड माझ्याकडं ओढून घेताना सवयीनं हात थांबला. मागून आवाज यायला हवा होता. मी वाट बघितली... मग मीच मोठ्यानं म्हणालो, "घरचंच आहे रे, इल्या." खालच्या दवाखान्यात कुणाचं तरी पोर रडत होतं.