‘इतर’मधल्या वह्या

राजाजीनगरातला आमचा पंपांचा कारखाना शहराबाहेर बोम्मसंद्र्याला हलवायचं ठरलं. नव्या जागेत माझ्या दप्तरखान्याला निम्मीच कपाटं मिळणार होती आणि माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. आमच्या नागपूरकर साहेबांनी सोपा नियम काढला: दहा वर्षांत ज्याची एकदाही मागणी आली नाही, ते रद्दीत. मला तो पटला. मागणीची चिठ्ठी प्रत्येक वहीला चिकटवलेलीच होती, ती बघायची की झालं.

चौथ्या दिवशी फसलेल्या चाचण्यांच्या वह्या हाती आल्या. कुठलं रबरी सील किती तापमानाला तडकलं, का तडकलं, सगळं सुवाच्य अक्षरात. चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत. दिल्या रद्दीत टाकून.

मग सूचीतून त्यांची नावं खोडायला बसले, तर सापडेनात. ‘पंप’खाली नाहीत, ‘सील’खाली नाहीत. शेवटी सापडल्या ‘इतर’खाली आणि अक्षर माझंच! तेव्हा नवी नोकरी होती. फसलेल्या कामाला काय शीर्षक द्यावं ते कळेना, आणि विचारायची लाज वाटली होती. ‘इतर’मध्ये कोण कशाला बघेल? सापडत नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून रद्दी. माझाच मला संताप आला.

वह्या परत उचलल्या आणि साहेबांकडे गेले.

“चूक माझी आहे. या वह्या जाणार नाहीत, सूचीत नव्यानं नोंदवायच्यात.”

“मॅडम, मूव्हर्स सोमवारी येतायत. एवढं इंडेक्सिंग कधी होणार?”

“सोमवारच्या आत. आणि कपाट कमी पडलं तर माझं टेबल काढा, मी स्टुलावर बसेन.”

शनिवार-रविवार तिथेच बसले. “अक्का, स्वल्प जेवून घ्या,” म्हणत कानडी शिपाई दोनदा डोकावून गेला. प्रत्येक वहीची मी तीन ठिकाणी नोंद केली: भाग, साहित्य आणि बिघाड. अडलेला माणूस बिघाडाचंच नाव घेऊन येतो, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

बोम्मसंद्र्यात पहिल्याच आठवड्यात एक तरुण इंजिनिअर आली, पुण्याची.

“मॅडम, आता आणखी एक सील क्रॅक होतंय. जुनं काही आहे का? गेल्या वर्षी शोधलं तेव्हा काहीच नव्हतं.”

मी वही समोर ठेवली. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरला.

“गेल्या वर्षी हेच शोधून काढायला आम्हाला तीन महिने लागले. ही तेव्हा कुठे होती?”

“इथेच. मीच ती सापडणार नाही अशी ठेवली होती,” मी म्हणाले, आणि कोऱ्या चिठ्ठीवर तिची पहिली सही घेतली.