थापट्याचा रस्सा

कळंब्याच्या तलावावर नात दुर्बीण लावून बसली होती. "आज्जी, ती रुंद चोचीची बदकं बघ. थापट्या म्हणतात त्यांना. दिवसभर चिखल गाळून खातात." वाऱ्यावर गाळाचा वास आला आणि मी कुरुंदवाडच्या आमच्या चुलीपुढं जाऊन बसले.

माझं लग्न ठरवायला पावणं जेवायला आलं होतं. ऐनवेळी कोंबडी मिळाली नाही, म्हणून वडील, आमचे अण्णा, नदीवरून असलीच दोन बदकं घेऊन आले. "कोंबडीच हाय म्हणून सांगायचं," त्यांनी मला बजावलं. मी आलं-लसूण दुप्पट वाटलं, चटणी सढळ हातानं घातली, तरी तांबड्या रश्श्यातून गाळाचा वास काही जाईना.

मुलाच्या आईनं पहिल्याच घासाला ताट सरकवलं. "पोरीच्या हाताला चव न्हाय. कोंबडी धुवायची बी कळत न्हाय हिला."

मी दाराआड उभी होते. आता अण्णा खरं सांगतील असं वाटलं. अण्णा हसले. "शिकंल की हळूहळू," म्हणाले आणि रश्श्याचा भुरका मारला.

लग्न तिथंच झालं. सासूबाई पुढं कितीतरी वर्षं माझ्या कालवणाचा आधी वास घ्यायच्या. तेव्हा मला माझ्या हातांची लाज वाटायची. आज पाण्याकडं बघताना अण्णांचं ते हसणं आठवलं आणि मान वर करवेना.

"आज्जी, पूर्वी लोक ही बदकं खायचे का गं?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले. "आमच्याकडं कोंबडीच असायची."