सोमवारी आलेला रिपोर्ट

शैलाने डूख धरला होता, आणि तो साधासुधा नव्हता. देवासच्या एका लॅबमध्ये ती रक्त काढायची. हात इतका हलका की मंडीतले हमालसुद्धा "ताईच्याच हातून" म्हणून अडून बसत. पण मेव्हण्याचं, रत्नाकरचं नाव निघालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

घडलंच होतं तसं. एक्क्याऐंशी साली तिच्या थोरल्या बहिणीचं, नलिनीचं, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन इंदूरला झालं. पुढे दर तीन महिन्यांनी शैला तिचं रक्त काढायची. वरचं पिवळं पाणी वेगळं करून बर्फाच्या थर्मासमधून मुंबईला जायचं. त्यात एक प्रथिन मोजत. गाठीने शरीरात पुन्हा कुठे मूळ धरलं, तर पुष्कळदा दुखणं सुरू व्हायच्या आधीच ते वाढतं. पाचाच्या आत असलं की जीव भांड्यात. रिपोर्ट मात्र नवऱ्याच्या पत्त्यावर यायचा. असला कागद बाईच्या हातात कोण देतो?

शैला विचारायची, "भावजी, रिपोर्ट आली का?"

"आली ना. सब नॉर्मल आहे," रत्नाकर म्हणायचा.

नलिनीच्या पाठीचं हाड पिचलं, तेव्हा कपाटातून दोन रिपोर्ट निघाले. एकात नऊ, दुसऱ्यात बावीस. या शहाण्याने सहा महिने दाबून ठेवले होते. वर म्हणे, तिला टेन्शन नको म्हणून. नलिनी होळीही बघू शकली नाही. वेळेवर कळतं तर ती वाचलीच असती असं कोणी छातीठोक सांगत नव्हतं, पण डॉक्टरांना हातपाय तरी हलवता आले असते. तेराव्याला शैला चारचौघांत रत्नाकरला म्हणाली, "याचं उट्टं काढीन मी, भावजी."

पाच वर्षांनी संधी आपल्या पायाने चालत आली. रत्नाकरची धाकटी बहीण अलका सोनकच्छला मास्तरीण होती. एकटीच राहायची आणि भावाचा सगळा जीव तिच्यात. तिचंही तेच ऑपरेशन झालं होतं. आता रिपोर्ट लॅबच्या पत्त्यावर येत, म्हणून फॅक्टरी सुटली की रत्नाकर रोज काउंटरशी हजर.

सोमवारी पाकीट आलं. शैलाने ते फोडून आतल्या कागदावर आवकेच्या तारखेचा शिक्का मारला. चौदा. मागच्या वेळी तीन होते. तिने कागद रजिस्टरखाली सरकवला.

संध्याकाळी ती रत्नाकरला म्हणाली, "नाही आली." त्याचा चेहरा उतरला आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. मंगळवारी त्याने हात जोडले. बुधवारी तो घाम पुसत बाकावर बसून राहिला आणि ही बया समोर बसून चवीने चहा प्यायली. गुरुवारी म्हणाला, "एक डाव मुंबईला फोन लाव ना गं." तिने लाइन खराब असल्याचं सांगितलं.

शुक्रवारी दुपारी बसने अलका स्वतःच आली. "दादा जेवत नाही धड, त्याला काय विचारू? तूच खरं सांग. कंबर दुखतेय माझी."

शैलाने रजिस्टर उचललं आणि कागद तिच्या हातात दिला. अलकाने आकडा वाचला, मग शिक्का.

"सोमवारी आली होती?"

"हो."

"आज शुक्रवार आहे, शैला."

शैलाची मान वर होईना.

"दादावरचा राग ना हा? मला कळतो तो," अलका कागदाची घडी घालत म्हणाली. "पण हे चार दिवस माझे गेले." आणि ती इंदूरची बस पकडायला निघाली.