भाऊजींचं नमुन्याचं कार्ड

भिलाई-३ पासून दुर्गपर्यंत ज्याला ज्याला म्हणून हिरो व्हायचं आहे, त्याला आधी आमच्या भाऊजींच्या हातून नापास व्हावं लागतं. भाऊजी म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे यजमान. उभा जन्म चरोद्याच्या रेल्वे यार्डात मालगाडीचे डबे तपासण्यात गेला. डब्याखाली वाकायचं, हातोडीने ठोकून पाहायचं, आणि डबा चांगला असला तर 'फिट' आणि बिघडलेला असला तर 'सिक' ठरवून बाजूला काढायचा, ही त्यांची नोकरी. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्म करतात, गुडघ्यांना तेल लावतात. यांनी घराच्या समोरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, एक कॅमेरा आणला आणि नटनट्यांची कॉम्प कार्डं करायला घेतली. कॉम्प कार्ड म्हणजे पिक्चरमध्ये काम मागायला जाताना न्यायचं ओळखपत्रच समजा: पुढे एक मोठा चेहरा आणि नाव, मागे चार लहान फोटो, उंची, बांधा, भाषा आणि काय काय येतं ते. रायपूरला छत्तीसगढी पिक्चर आणि गाण्यांचे अल्बम धडाधड निघतात, त्यामुळे आमच्या भागात गिऱ्हाइकांना तोटा नाही. तोटा आहे तो भाऊजींच्या नजरेत भरणाऱ्यांचा.

आधी ते लग्नाचे बायोडाटा करत. म्हणून शेजारच्या मुलीचं पहिलं कॉम्प कार्ड केलं तेव्हा त्यात उंचीच्या खाली 'मामाचे गाव: साकोली' असं ठळक अक्षरांत छापलं होतं. मी पोट धरून हसले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "हसतं कायले? डायरेक्टरले समजू दे ना पोरगी कोणाची हाये." पण माणूस शिकला. रायपूरची चार कार्डं आणून समोर ठेवली आणि त्यावरून स्वतःचं एक शास्त्रच तयार केलं. फोटोतल्या माणसाचं तोंड कार्डाच्या आत वळलेलं पाहिजे हा त्यातला पहिला नियम. बाहेर पाहणारा माणूस कार्डातून उतरून जातो म्हणे. दुसरा नियम, मोठा चेहरा एकच. एकाने मागचे चारही फोटो मोठे करा असा हट्ट धरला, तर भाऊजी म्हणाले, "इंजिन एकच लागते बाबू. चारही डब्याले इंजिन लावलं तं गाडी कोणतीकडे जाईन?" आणि सगळ्यात कडक नियम हा की कार्डावर खोटं एक अक्षर चालणार नाही.

या शेवटच्या नियमापायी मी त्यांच्या दुकानात जी भांडणं पाहिली आहेत, ती कोर्टातही होत नसतील. उंची लिहायची तर चपला काढून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं राहायचं. एक उंच टाचांचे बूट घातलेला देखणा तरुण, "अंकल, एक इंच तो बढ़ा दो, सब बढ़ाते हैं," म्हणून गयावया करत होता. भाऊजी ढिम्म हलले नाहीत. दुसऱ्याला गोरं व्हायचं होतं. त्याला म्हणाले, "तू गेल्यावर थो डायरेक्टर तुलेच पाहीन ना रे? का कार्डालेच कामावर ठेवीन?" कुणी 'नाच येतो' म्हटलं की तिथंच, कॉम्प्युटर आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या हातभर जागेत नाचून दाखवायचं. कुणी 'घोडेस्वारी' लिहा म्हटलं की घोडा कोणाचा, कुठं बांधतात, नाव काय, अशी उलटतपासणी. इंग्रजी येतं म्हणणाऱ्यांसाठी तर मला फोन. मी शाळेत इंग्रजी शिकवते हा माझा गुन्हा! चांगली वरणाला फोडणी देत असायची, आणि इकडून फर्मान, "ये वो लवकर, एक पोरगी इंग्रजी बोलते म्हनते, ठोकून पाहा लागते."

आणि फोटो? फोटो काढून झाला की भाऊजी स्क्रीनकडे वाकून बघत, अगदी डब्याखाली बघावं तसं, आणि निकाल देत. "हा फिट. हा सिक. हा बी सिक. मान आखडली याची." बिचारी पोरं आईच्या दागिन्यांनी, भावाच्या गॉगलने नटूनथटून आलेली, आणि इथं त्यांचे फोटो धडाधड बाजूला निघत. पण खरं सांगू? त्यांनी फिट म्हटलेल्या फोटोत माणूस जिवंत दिसायचा. म्हणून शिव्या देत देत का होईना, सगळे यांच्याचकडे येत.

आता ताईबद्दल सांगायला हवं. आमची ताई लग्नाआधी सेक्टरमधल्या, म्हणजे स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, जयंतीच्या उत्सवात होणाऱ्या नाटकात काम करायची. बाबा प्लांटमधून थेट मंडपात यायचे आणि पहिल्या रांगेत बसायचे. ताईने रडायला सुरुवात केली की बायका पदर डोळ्यांना लावत, आणि मी तिची बहीण म्हणून फुशारून जायची. लग्न होऊन ती चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेली आणि नाटक सुटलं. कुणी नको म्हटलं नाही हो! पण तालीम संध्याकाळी, भाऊजींची ड्यूटी कधीही, मग डबा, मग मुलं. राहून गेलं. ताई त्याबद्दल कधी बोलली नाही, आणि भाऊजींनी कधी विचारलं नाही. मला मात्र याचा राग यायचा, अजूनही येतो.

भाऊजी नवीन मांडणी केली की आधी ताईचा फोटो टाकून बघत. ती घरातच, फुकटची, आणि हलत नाही. असं एक कार्ड गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना म्हणून टेबलावर पडलेलं असे. दुनियेत नमुन्यावर लोक काहीही छापतात. पण आमच्या भाऊजींना नमुन्यातसुद्धा खोटं चालत नाही! त्यामुळे त्या कार्डावर ताईचं खरं नाव, खरी उंची, खरा फोन नंबर, आणि खाली 'येते: नाटक, शिवण, सायकल. येत नाही: पोहणे, खोटे हसणे.' मागच्या चार चौकटींत मात्र तोच एक फोटो चारदा, कारण नमुन्यासाठी आणखी कोण काढत बसतो?

एका पोराच्या कार्डांच्या गठ्ठ्यात हे कार्ड चुकून रायपूरला गेलं. आणि एका दुपारी ताई अंबाडीची भाजी निवडत बसली असताना तिचा फोन वाजला. पलीकडचा माणूस पिक्चरसाठी नट निवडणारा. म्हणाला, "मैडम, माँ का रोल है. चेहरा बढ़िया है आपका, पर चारों फोटो एक ही क्यों हैं? कल शाम तक ढंग का कार्ड भेजिए, डायरेक्टर को दिखाना है." ताईने फोन ठेवला, भाजी बाजूला सारली आणि मला बोलावून घेतलं. म्हणाली, "मले जायचं हाये." बस, एवढंच. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊजींनी कॅमेरा उचलला. मी पांढरा थर्माकोल धरून उभी, चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून. ताईने हिरवी साडी नेसली, निकाल आला, सिक. निळी नेसली, सिक. उजेड जास्त, उजेड कमी, मान तिरपी, डोळा मिटला. अहो, पोरांचं कार्ड चहा थंड व्हायच्या आत करणारा हा माणूस, दुपार झाली तरी एक फोटो धड काढेना! माझे खांदे भरून आले. मी काही बोलणार, तेवढ्यात ताईच कडाडली.

"कावो, साऱ्या भिलाईचे पोट्टे तुमच्या हातून फिट होऊन जाते, अन् मीच तेवढी सिक?"

भाऊजींनी कॅमेरा खाली ठेवला. त्याचा पट्टा गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "तू सिक नाही वो. माह्या हातालेच भेव लागून राहिलं."

"कायचं भेव?"

"कार्ड चांगलं झालं तं तू जाशीन. घर खायाले उठीन मले. बिघडवलं तं तुहं राहून जाईन, मंग तुह्याकडे पाहू कसा? दोन्हीकडून मीच फसतो."

ताई पदर खोचून म्हणाली, "तं मंग चांगलं करून फसा."

त्यानंतर काय फोटो निघाले म्हणता! ताई रागावली, हसली, शिलाई मशीनवर बसली, जयंतीच्या नाटकातला अर्धा आठवणारा उतारा म्हणताना चक्क रडली. भाऊजी कॅमेऱ्यामागून नाक ओढत होते, सर्दी झाली म्हणून सांगत होते. कार्ड जुळवताना चौथ्या फोटोपाशी मी अडले, कारण त्यात ताई कार्डाच्या बाहेर पाहत होती. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा नियम?" ते म्हणाले, "पाहू दे तिले बाहेर." आणि संध्याकाळ व्हायच्या आत कार्ड रायपूरला गेलं.

ताईला काम मिळालं. रायपूरच्या पुढे एका गावात शूटिंग होतं. ती सकाळच्या लोकलने जायची, संध्याकाळी यायची. भाऊजींनी वरण-भात करायला शिकून घेतलं, भाताची खीर झाली तरी खाल्ली. पिक्चर लागला तेव्हा आम्ही सगळे दुर्गला गेलो. ताईचं काम लहानसंच. मुलगा कामावरून परतलेला नाही आणि आई दारात उभी आहे. ती रस्त्याकडे पाहते, आत जाऊन ताटावर ताट झाकते, पुन्हा दारात येते. संवाद एकही नाही. मला वाटलं, आता हे मोठ्याने 'फिट' म्हणून ओरडणार आणि आमची शोभा करणार. पण भाऊजी खुर्चीतून पुढे वाकून पडद्याकडेच बघत होते.

बाहेर स्कूटर काढताना त्यांनी ताईला विचारलं, "हे असं उभं राहाचं कोनं शिकवलं तुले?"

"कोन शिकवन?" ताई म्हणाली. "तुमचं काम गाड्याच्या खाली. ड्यूटी सुटाचा टाइम होऊन गेला अन् तुम्ही नाई दिसले का जीव टांगणीले लागे. अशीच तं उभी राहत होती मी."

"मले तं कधी दिसली नाईस."

"कशी दिसन? तुम्ही रस्त्याच्या मोडावर दिसले का मी आत जात होती ना. भाजी गरम कराले."

भाऊजींनी स्कूटरला किक मारली नाही. नुसते हँडल धरून उभे राहिले, आणि मागच्या माणसाने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

ताईला आता अधूनमधून कामं येतात. परवा मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. ताई शूटिंगला गेलेली. आत दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि भाऊजी फाटकाची कडी धरून रस्त्याकडे डोळे लावून उभे. मी चेष्टेने म्हटलं, "काय भाऊजी, काय करून राहिले इथं?"

माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "शिकून राहिलो."

मग मलाही आत जाववेना. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. रायपूरची लोकल त्या दिवशी लेट होती.