उभ्या खडकाखालचा वाटा

हिसानोकाकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण उभी असते आणि मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाची, मोठी बरणी खाली जमिनीवर. कुणाचा पाय लागेल म्हटलं, तर त्या म्हणतात, "बरणी काही उडून जात नाही."

तीस वर्षं त्यांनी शाळेत स्वयंपाक केला. गावात मुलं उरली नाहीत, शाळा बंद झाली. मग नवरा गेला. त्याची बोटी बघायची दुर्बीण काकूंनी जरा डावीकडे वळवली, समोरच्या उभ्या खडकाकडे. त्याच्या माथ्यावर दर वसंतात मासे धरणाऱ्या मोरघारींची जोडी घरटं बांधते. मार्चमध्ये नर काटक्या आणायला लागला, की काकूंची टीका सुरू. "एवढी लांब काठी? ठेवणार कुठे ती? विचारलंस का तिला?"

गेल्या वर्षी वाकामे, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, कापायला बोटी खडकाखाली गेल्या. मादी उडाली आणि वर घिरट्या घालत ओरडत राहिली. अर्ध्या तासात कावळ्यानं दोन्ही अंडी फोडली. काकू तीन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. मला, शेजारणीला, एवढंच म्हणाल्या, "मी बघत होते गं. नुसती बघत होते."

यंदा एकोणीस एप्रिलला मादी अंड्यांवर बसली ती उठलीच नाही. काकूंनी कॅलेंडरवर पिल्लं निघायला लागणारे सदतीस दिवस मोजून सव्वीस मेभोवती गोल काढला. पण पंचवीस एप्रिलला कापणी सुरू होणार होती.

आमच्याकडे किनाऱ्यावरचं हे शेवाळ चिठ्ठ्या टाकून वाटून घेतात, दर घराला एक वाटा. आदल्या दुपारी मंडळाच्या खोलीत चहाच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. उभा खडक, सगळ्यांत दाट वाकामेचा, आला तोयोझोंना. मंडळाचे प्रमुख तेच, वाट्यांवर निशाण लावणारेही तेच.

"तोयोझोसान, माझा बंदरातला वाटा घ्या," काकू म्हणाल्या. "उथळ आहे. तुमच्या कमरेला बरा."

"माझी कंबर माझी बायको बघेल, वहिनी. खडकाचा वाकामे सोडून ते गवत कापू होय मी?"

"कोंड्यात मुरवलेल्या बांगडा माशांची बादली देईन."

खोली हसली. तोयोझोंनी मान खाजवली. "अख्खी बादली?"

"झाकणासकट."

वाटा बदलला. पहिले दोन दिवस काकू खिडकीत चहा पीत बसल्या. बावीस बोटी किनाऱ्यालगत कापत होत्या, खडकाखाली एकही नाही. तिसऱ्या सकाळी मी त्यांना वाकामेचे उकडलेले देठ द्यायला गेले. भिंतीवर लांब दांड्याचा विळा टांगलेला होता.

"काकू, विळा कोरडाच?"

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. एखाद्या वाट्याला तीन दिवस विळा लागला नाही, तर चौथ्या सकाळी पांढरं निशाण लागतं आणि तो वाटा सगळ्या गावाला मोकळा होतो. समुद्रानं दिलेलं कुजू द्यायचं नाही, म्हणून. तरुणपणी काकू स्वतः टोपली घेऊन अशा वाट्यांवर धावल्या होत्या. बोटी दूर ठेवायच्या नादात त्या हेच विसरल्या. उद्या सकाळी बावीसच्या बावीस बोटी त्या खडकाखाली.

"तोयोझोंना सांगू या का?" मी म्हटलं.

"काय सांगणार? नियम त्यांच्या एकट्याचा आहे का?" त्यांनी विळा काढला. "तू इथं बस. ती उठली की घड्याळ बघ. दहा मिनिटं झाली की खिडकीबाहेर लाल उशी टाक. मी परत फिरेन. मग जे व्हायचं ते उद्या होईल."

इंजिन न लावता त्या वल्ह्यानं गेल्या. खडक हातभर राहिला आणि मादी उडाली. बारीक, तुटक शिट्ट्या मला बंद काचेतून ऐकू येत होत्या. काकूंनी पाण्याखालचं बघायची काचेच्या तळाची पेटी पाण्यावर धरून तोंड आत घातलं आणि पाठीचा बाक करून तशाच राहिल्या. वर बघेनात, विळा उचलेनात. पाच मिनिटं. कड्यावरच्या पाइनवर कावळा येऊन बसला. सात. कावळा एक फांदी खाली आला. आठ. उशी माझ्या एका हातात होती, दुसरा हात खिडकीच्या कडीवर. नऊ मिनिटं होत आली, तेव्हा मादी एकदम पाय सोडून खाली उतरली, इकडून तिकडे हलली आणि बसली.

मग कुठे काकूंचा विळा पाण्यात गेला.

धक्क्यावर तोयोझोंनी टोपलीत डोकावून पाहिलं. "हे काय वहिनी, सूपमध्ये घालायला आणलंत?"

"विळा ओला आहे ना?"

त्यांनी विळ्याला बोट लावलं, खडकाकडे पाहिलं, मग काकूंच्या वाट्याच्या खुंटीला कापणी झाल्याची खूण म्हणून गवताची दोरी बांधली. "आहे. आणि बादली?"

"संध्याकाळी या."

पंधरा मेला कापणी संपेपर्यंत दर तिसऱ्या दिवशी काकू गेल्या. तीच वेळ, तेच वल्हं, तोच डोक्याला बांधलेला निळा रुमाल. चौथ्या खेपेला मादी दोन मिनिटांत परतली. सहाव्या खेपेला तिनं नुसती मान वर केली.

पण ती पहिली नऊ मिनिटं काकूंच्या मनातून जाईनात. वारा गार होता त्या दिवशी, अंडी गारठली असतील तर? सव्वीस मे आला, काही नाही. सत्तावीस, अठ्ठावीस. काकूंनी भात दोनदा करपवला. तीस वर्षं शाळेला जेवू घातलेली बाई!

एकोणतीसला सकाळी त्यांनी मला हाक मारली. दुर्बिणीपासून बाजूला झाल्या. "तू बघ. मला नीट दिसत नाहीये."

त्यांचे डोळे भरले होते. मी पाहिलं. मादी घरट्याच्या काठावर उभी होती. नरानं आणलेल्या माशाचा इवलासा तुकडा तोडून ती खाली वाकली. पुन्हा तोडला, पुन्हा वाकली, या वेळी जरा उजवीकडे.

"दोन आहेत, काकू."

काकू खाली मिसोच्या बरणीवर बसल्या. ॲप्रनच्या टोकानं डोळे पुसले.

"कावळा कुठे आहे ते बघ आधी," म्हणाल्या.