निळ्या जीपमधून वहिनी बोलताहेत

कुसुमवहिनी गेल्याचं मला मोबाइलवर कळलं, आणि दुःखाच्याही आधी मला त्याचंच नवल वाटलं. गेली काही वर्षं वहिनींबद्दलचं काहीच मला मोबाइलवर कळत नसे. आसेगावच्या पुढे, नाल्यापलीकडे त्यांचं शेत. तिथे रेंज नावाचा प्रकार नाही. त्यांची खबर यायची ती माझ्या वाशीमच्या घरातल्या रेडिओवर, दिवेलागणीच्या सुमारास, आणि त्यांच्याच तोंडून. त्या सकाळी मात्र शेजारच्या शेतातला गजानन मोटरसायकल काढून रेंज मिळेपर्यंत आला आणि तिथून त्याने फोन लावला. "काका, मावशी गेल्या... झोपेतच गेल्या," एवढंच तो बोलू शकला. मी फोन ठेवला आणि, आता सांगताना माझं मलाच हसू येतं, उठून आधी रेडिओ चालू केला. खरी बातमी तिथूनच यायला हवी होती ना!

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून बाकीच्यांचे फोन जोडून देण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली. माझं रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे सणावाराला घरात बाकीचे जेवणावर बोलत असताना आम्ही दीर-भावजय लाइनवरची खरखर कशाने येते यावर वाद घालत बसायचो. दादा वैतागून म्हणायचा, "तुमा दोघायले एकच तार जोडून द्या लागते." वहिनींचा कान असा की दुकानातला एखादा रेडिओ मी दुरुस्त झाला म्हणून बंद करावा, आणि त्यांनी दारातूनच म्हणावं, "भाऊजी, अजून घोगरा बोलून राह्यला तो." मला राग यायचा. मग मी तो रेडिओ पुन्हा उघडायचो.

जीप दादाची. सरकारी लिलावातून त्याने ती उचलली होती, चारही चाकांना ताकद असलेली, वर कापडी हूड. पावसाळ्यात त्या काळ्या मातीच्या चिखलातून आणि नाल्यातून शेतावर पोहोचणारं तेच एक वाहन. दादा गेल्यावर सगळ्यांना वाटलं की आता वहिनी वाशीमला राहतील, जीप विकली जाईल. वहिनींनी निवृत्ती घेतली, मैदानात फेऱ्या मारून मारून ती जीप शिकल्या आणि शेतावरच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. मुलगा प्रशांत पुण्यात. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. एकटी बाई, फोन लागत नाही, पाऊस लागला की वीज जाते, नाला भरला की वाट बंद. एकदा तो माझ्यासमोरच आईला म्हणाला, "रोज संध्याकाळी तुझा आवाज कुणाला तरी ऐकू आला पाहिजे. नाहीतर दिवाळीला मी तुला न्यायलाच येतो."  तो गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आता तुमीच काही तरी करा. त्या पुण्याच्या सहाव्या मजल्यावर मी मरून जाईन."

काहीतरी म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हॅम रेडिओ. हौशी लोकांनी आपापसात बोलायचा, टॉवरबिवर न लागणारा रेडिओ. त्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. आम्ही दोघांनी अभ्यास केला, सोबतच परीक्षेला बसलो. वहिनी पास झाल्या, मी दुसऱ्या खेपेला झालो. या विषयावर त्यांनी मला किती छळलं ते विचारू नका. वाशीमच्या घरी मी एक सेट लावला, आणि नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून गाडीत बसवायचा जुना सेट मिळाला. शेत खोलगट जागी, तिथून आवाज वाशीमपर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं. पण शेतामागच्या टेकडीवरून सरळ वाशीमच्या बाजूचं आभाळ दिसतं. त्या टेकडीवर चढणारं वाहन म्हणजे पुन्हा जीपच. म्हणून रेडिओ घरात नाही, जीपमध्ये बसवायचा ठरला.

ते काम आम्ही शेतातल्या लिंबाखाली केलं. वहिनी प्रत्येक तारेला प्रश्न विचारायच्या. रेडिओची वीज थेट बॅटरीवरून का घ्यायची, जीपच्या दिव्यांच्या वायरिंगमधून का नाही? कारण बोलायचं बटण दाबलं की हा सेट एकदम भरपूर वीज ओढतो, ती बारीक तार तापेल. बरं, लाल तारेला फ्यूज समजला... "मंग काळ्या तारेले फ्यूज कायले?" हा प्रश्न मला फार आवडला होता, कारण दुकानात इतकी वर्षं कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं की इंजिनापासून बॅटरीकडे जाणारी अर्थिंगची जाड पट्टी कधी तुटली, तर स्टार्टरचा सगळा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे आपली ही काळी तार, रेडिओच्या पोटातून. वहिनींनी ती काळी तार हातात घेतली. म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्याच्या घरचं भांडण आपल्या घरातून जाईन." इंजिनाच्या आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याला भोक पाडलं, त्यात रबराची कडी बसवली, म्हणजे पत्र्याच्या धारेने तार कापली जाऊ नये. सायलेन्सरपासून तारा लांब ठेवल्या. कापडी हूडवर अँटेना बसणार नव्हती, म्हणून बॉनेटच्या बाजूच्या पत्र्यावर लोखंडी पट्टी कसली आणि तिच्यावर अँटेना उभी केली. काम देखणं झालं होतं.

देखणं झालं, पण चालेना. मी वाशीमला परत येऊन सेटपाशी बसलो आणि वहिनी टेकडीवरून बोलल्या, तर मला ऐकू आली नुसती फरफर, मधूनच एखादं अक्षर. मी केबल बदलली, टोकं पुन्हा झाळली. अँटेनाकडे किती ताकद जाते आणि किती परत फिरते ते दाखवणारं एक मीटर असतं. ते लावलं, तर अर्धीअधिक ताकद परत येत होती. असंच चालू ठेवलं असतं तर सेट जळाला असता. चार खेपा झाल्या आसेगावच्या. दिवाळी तोंडावर. वहिनी आता प्रश्न विचारेनाशा झाल्या होत्या, आणि त्यांचं ते गप्प बसणं मला सहन होत नव्हतं. एकदा तर मी आत गेलो तेव्हा त्या पेटीत कपडे लावत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "उन्हं दाखवाची होती त्यायले." ऊन दाखवायचे कपडे कोणी पेटीत घडी घालून ठेवतं का?

अँटेना ही एकटी उभी काठी नसते, तिला पायाखाली लोखंड लागतं. म्हणजे जीपचा पत्राच अर्धी अँटेना असतो. पट्टी पत्र्याला घट्ट बसली होती, बोल्ट पक्के होते, मग अडचण कुठे? वीज वाहते का ते दाखवणाऱ्या दुसऱ्या मीटरची एक सळई मी पट्टीवर आणि दुसरी शेजारच्या पत्र्यावर टेकवली. काहीच नाही. मग त्या दोहोंमध्ये काय आहे ते डोक्यात आलं. रंग! दादा दरवर्षी जयंतीच्या आधी ती जीप स्वतःच्या हाताने निळी रंगवायचा. मिरवणुकीत फोटो तिच्यावर असायचा, आणि गेल्या वर्षीच्या रंगाची जीप मिरवणुकीला लावणं त्याच्या मनाला पटत नसे. जुना रंग खरडायचा कोण? वरूनच नवा हात. वर्षानुवर्षांचा निळा रंग त्या पत्र्यावर असा चढला होता की आम्ही अँटेना लोखंडावर नाही, दादाच्या रंगावर बसवली होती. माझे बोल्टसुद्धा पत्र्याच्या जुन्याच भोकांत, त्याच रंगात रुतून बसलेले, पत्र्याचा स्पर्शच नाही.

मी पान्याने पट्टी सोडवली, पण खरडायला हात होईना. वहिनींना कारण सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती जागा लागते?" मी म्हणालो, तळहाताएवढी. त्यांनी माझ्या हातातली रंग खरडायची पत्री घेतली आणि स्वतःच खरडायला बसल्या. सावकाश, एकेक थर. आणि बोलू लागल्या. "हा पाहा, हा फिक्का... त्या साली पाणी नवतं, हात आखडता होता, तुमच्या दादानं टर्पेंटाइन जास्त टाकलं. हा जांभळट, दुकानदारानं फसवलं होतं, मिरवणुकीत पोट्टे हसले त्यायले. ह्या वर्षी प्रशांत झाला." तिथे त्या थांबल्या. पत्री धरलेला हात गुडघ्यावर ठेवून बसल्या. मग पुन्हा सुरू. सगळ्यात खाली लष्करी हिरवा निघाला आणि त्याखाली चकचकीत लोखंड. वहिनी त्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "हे तं मी कधी पाह्यलंच नवतं." त्यांचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर मात्र लहान पोरीसारखं कुतूहल होतं. माझ्या मनात वहिनी कायमच्या बसल्या आहेत त्या तशा.

त्या संध्याकाळी मी वाशीमला पोहोचून सेट लावला. आधी परवान्यावरचं आपापलं अक्षर-आकड्यांचं चिन्ह सांगायचं, असा नियम. ते त्यांनी व्यवस्थित सांगितलं, आणि मग तो एक्स्चेंजमधला स्वच्छ आवाज माझ्या खोलीत आला, "भाऊजी, तुमी मले ऐकून राह्यले का?" मी बटण दाबून काय बोललो ते आठवत नाही. दिवाळीला प्रशांत आला. मी त्याला माझ्या घरीच बसवलं आणि ठरल्या वेळी रेडिओ चालू केला. वहिनींनी त्याला पुण्याहून आणलेल्या मिठाईबद्दल विचारलं. तो हसला, पण पुरता मानला नाही. "आवाज येतो हे खरं, काका. पण आई तिथे एकटी ती एकटीच," असं म्हणून गेला. पण आईला न्यायचं तेवढं टळलं.

त्यानंतर रोज वहिनी जीप घेऊन टेकडीवर जायच्या. बोलणं काय? तुरीला फुलं आली, नीलगाईंनी धिंगाणा घातला, नाल्याला पाणी किती. आणि आभाळ. टेकडीवरून त्यांना चारही बाजू दिसत. पाऊस कुठे उतरलाय, कुठून निघालाय, कोणत्या बाजूला सरकतोय हे त्या अगदी फोन जोडून दिल्यासारखं नेमकं सांगायच्या. मला वाशीममध्ये बसून त्या पावसाचं काही घेणंदेणं नव्हतं. पण मी ऐकायचो. एकदा विचारलं, हे सगळं मला काहून सांगता? तर म्हणाल्या, "दिसते म्हणून सांगतो, बावा. तुमाले नसन आयकाचं तं दुसरं कोणी आयकन."

वहिनी गेल्या त्यानंतर काही आठवड्यांनी प्रशांत शेताची व्यवस्था लावायला आला आणि माझ्याकडे उतरला. त्याने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. जेवताना तो एवढंच म्हणाला, "तिथे ती एकटी गेली, काका." मी मान खाली घातली. त्याला सहाव्या मजल्याची गोष्ट सांगता आली असती, थरांची सांगता आली असती. पण त्या पहाटे त्यांच्या उशाशी कोणी नव्हतं हे खरंच होतं.

संध्याकाळी, त्या सकाळनंतर पहिल्यांदाच, मी रेडिओ लावला. प्रशांत समोर बसला होता. मी नुसता ऐकत होतो. थोड्या वेळाने एका अनोळखी माणसाचा आवाज आला. त्याने रीतसर आपलं चिन्ह सांगितलं, मग माझं चिन्ह घेऊन मला हाक मारली. "मी रिसोडच्या पलीकडून बोलून राह्यलो. मावशी लय दिवस झाले बोलल्या नाई. तब्येत बरी हाय ना त्यायची?" मी बटण दाबलं. वहिनी गेल्याचं सांगितलं. तो माणूस म्हणाला की त्याच्या अंगणात आत्ताही आजूबाजूच्या शेतांतली मंडळी बसली आहेत. रोजच बसतात, मावशींचं आभाळ ऐकायला. परतीचा पाऊस त्यांच्याकडे आसेगावच्या बाजूनेच येतो. कापून रचलेल्या सोयाबीनची सुडी झाकायची की उघडी ठेवायची हे मावशी बोलल्यावर ठरायचं. मी विचारलं, "मंग इतके वर्षं तुमी कधी बोलले काहून नाई?" तो संकोचून म्हणाला, "दीर-भावजयीच्या बोलण्यात मधात कायले पडाचं, असं वाटे."

मी प्रशांतकडे पाहिलं. तो खुर्चीवरून उठून सेटच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला होता. पलीकडून मागचे आवाज येत होते, कोणी बाई काही विचारत होती, कोणाला तरी सांगितलं जात होतं की मावशी गेल्या. प्रशांतने ते सगळं ऐकून घेतलं. त्याच्याकडे परवाना नाही, त्याला बटण दाबता येत नाही. पुण्यात गेल्यापासून तो आमच्याशीही पुण्यासारखं बोलतो. पण माझ्या खांद्याला हात लावून तो म्हणाला, "काका, त्यायले विचारा ना... त्यायची सुडी आज उघडी हाय का? मी टेकडीवर जाऊन आभाळ पाहून येतो."