मावशीची नणंद

अलिबागला एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, त्या खिडकीत बसणाऱ्या बाई प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. "गोळी चुकली? नाही चुकली. जेवता वेळेवर? जेवता." बाजारात भेटल्या तर मात्र ओळख दाखवत नाहीत. आधी मला राग यायचा. मग कळलं, ती आमचीच काळजी होती.

कोरोनात गाड्या बंद झाल्या, तेव्हा माझ्या डबीत चारच गोळ्या उरल्या होत्या. रेवदंड्याहून अलिबागला जाणार कशी? फोन केला तर म्हणाल्या, "घाबरलात? नाही घाबरायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई स्कूटरवरून दारात हजर. शेजारची काकी लगेच ओट्यावर आली. "कोन गो ही?"

गावात कुणालाच माझा आजार माहीत नव्हता.

"कोण मी? हिच्या मावशीची नणंद. कशाला आले? पापड द्यायला," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून खरंच पापड काढून अर्धे काकीला दिले. पापडांखाली तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या. डब्या वाजू नयेत म्हणून आत कापूस भरला होता.

अजूनही मला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. गेल्या खेपेला काकीने सुकटीची पुडी दिली. "मावशीच्या नणंदेला दे, पापड चांगले व्हते."

मी ती खिडकीतून आत सरकवली. बाईंनी पुडी हुंगली, पर्समध्ये ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मावशी बरी आहे? बरी आहे."

मला मावशीच नाही. अख्ख्या रांगेत मी एकटीच हसत होते.